आमचे कष्टालय

घराला नाव देणं हे जबाबदारीचं काम आहे आणि ते मी अत्यंत जबाबदारीनं केलं, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. नंतर जे झालं त्यावरून आमच्या कॉलनीत, माझ्या ऑफिसात आणि थेट चाकसू गावापर्यंत माझ्याविषयी जे काही बोललं जातं, त्यात हा मुद्दा कुणीच लक्षात घेत नाही.

आमचं घर जयपूरला, वैशाली नगरात. नंबर सत्तेचाळीस. सव्वीस वर्षांपूर्वी सरकारी प्लॉटच्या लॉटरीत माझं नाव लागलं, आणि 'लागलं' ह्या एका शब्दानं माझी सव्वीस वर्षं नासवली. येणारा प्रत्येक जण घर बघतो, जिना बघतो, गच्ची बघतो आणि म्हणतो, “उमाजी, किस्मतवाले हो.” (माझं नाव उमाकांत कुरुंदवाडकर. आडनाव इथे कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून उमाजी. गॅसवाला फोनवर 'उमाजी मॅडम हैं क्या' असं विचारतो, पण ते जाऊ दे.) किस्मतवाले म्हणे. ही लॉटरी वर्षातून दोनदा निघायची आणि तिचे फॉर्म मी आठ वेळा भरले होते. पहिल्या सात वेळा जयपूरच्या उन्हात स्वतः रांगेत उभा राहिलो. सांगलीहून बदलून आलेला नवखा माणूस, डोक्यावर ओला रुमाल, हातात फॉर्म. सात वेळा नाव आलं नाही, तरी आठव्या वेळी पुन्हा भरला. ह्याला किस्मत म्हणतात का?

बाहेरच्यांचं सोडा. माझी बायको प्रतिमासुद्धा, लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी, पाहुण्यांच्या हातात चहा देताना म्हणते, “नशीब हो, दुसरं काय.” मी समोर कप घेऊन बसलेलो असतो. सव्वीस वर्षं असाच बसलो.

ह्या महिन्याच्या एकतीस तारखेला मी विमा कंपनीतून निवृत्त होणार होतो. संध्याकाळी सगळा स्टाफ घरी चहाला येणार होता. त्याआधी एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणावं की कुरुंदवाडकर, हे तुम्ही कष्टानं मिळवलंत, एवढीच माझी इच्छा होती. फार मोठी मागणी नाही. पण कुणी म्हणेना, तेव्हा मी ते संगमरवरात कोरून दारावर लावायचं ठरवलं.

नावाचा विचार मी पंधरा दिवस केला. 'श्रमसाफल्य' हे पहिलं सुचलं, पण सांगलीत आमच्या गल्लीतच तीन श्रमसाफल्यं होती आणि त्यातल्या एकात राहणाऱ्या माणसानं जन्मात काडी हलवली नव्हती. 'कष्टार्जित' हे विशेषण आहे, आणि घराला विशेषण लावून नाम कुठून आणायचं? शेवटी ऑफिसात एक क्लेम तपासत असताना एकदम सुचलं. कष्टालय. विद्यालय, हिमालय, कष्टालय. मी इतका खूश झालो की तो क्लेम मंजूर करून टाकला. घरी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना एकदम दाखवायचं होतं.

परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटबंदीच्या, आत संगमरवराच्या कारागिरांची एक गल्ली आहे. तिथे बापू नावाचे एक वयस्कर गृहस्थ चाळीस वर्षं पाट्या कोरतात. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“साहब, कष्ट?”

“हां, कष्ट,” मी म्हणालो. “पूरी ज़िंदगी वही किया है.”

“घर पे लगेगा?”

“सामने. आते-जाते सबको दिखना चाहिए.”

बापूंनी छिन्नी खाली ठेवली आणि माझ्यासाठी चहा मागवला. मुलंबाळं किती, ती विचारतात का, तब्येत कशी असते, अशी चौकशी केली. मग हळूच म्हणाले, “साहब, मैंने आनंद लिखा है, शांति लिखी है, सुख तो हज़ारों लिखे होंगे. ये पहली बार लिखूंगा.” मला वाटलं, इतक्या वर्षांत ह्या माणसाला पहिल्यांदाच कुणी अस्सल गिऱ्हाईक भेटलं. पाटीच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी न सांगता एक स्वस्तिक काढून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ते का काढलं हे मला चार दिवसांनी कळलं.

रविवारी सकाळी गवंड्याकडून पाटी भिंतीत पक्की करून घेतली आणि घरच्यांना फाटकाबाहेर बोलावलं. माझी मुलगी अनुया इथंच जन्मली, इथंच शिकली, आता इथंच एका आयटी कंपनीत आहे. तिचं मराठी अडखळत चालतं, पण चालतं. तिनं पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“बाबा, मतलब... हे तुम्ही जानबूझकर लिहिलं?”

“अर्थात.”

“बाबा, इथे कष्ट मतलब मेहनत नाही. कष्ट मतलब त्रास. दुःख. आपल्या घरावर दुःखाचं घर असं लिहिलंय.”

आता तुम्ही म्हणाल, तीस वर्षं हिंदी मुलखात राहून एवढं कळू नये? कळतं हो. 'आपको कष्ट दिया, माफ़ कीजिए' हे मी स्वतः दिवसातून पाच वेळा म्हणतो. पण ते ऑफिसात. घराचं नाव काही मी ऑफिसच्या डोक्यानं ठेवलं नव्हतं. आमचे वडील रात्री पाय चोळत 'आज फार कष्ट झाले' म्हणायचे आणि त्यात अभिमान असायचा. तो शब्द मी त्यांच्याकडून घेतला होता, हिंदीकडून नाही.

प्रतिमानं पाटी दोनदा वाचली. मग म्हणाली, “मराठीतसुद्धा काही फार बरं नाही वाटत. हमालांच्या युनियनचं ऑफिस असल्यासारखं वाटतंय.” आणि आत गेली.

पाटी तेव्हाच काढता आली असती. पण गवंडी म्हणाला होता, सिमेंट ओलं आहे, आठ दिवस हात लावू नका. शिवाय प्रश्न तत्त्वाचा होता. प्रतिमा म्हणाली, तत्त्वाचा नाही, हट्टाचा आहे. ह्या दोन शब्दांत आमच्या घरात पूर्वीपासून मतभेद आहेत.

अर्ध्या तासात दूधवाल्यानं फाटकाबाहेर उभं राहून कॉलनीला बातमी दिली. पहिले आले ते शेजारचे मुरलीधरजी, वीज खात्यातून निवृत्त झालेले. ह्यांचं मन इतकं मोठं आहे की त्यात अडकून माणूस गुदमरतो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

“उमाजी, पड़ोसी किस दिन काम आएगा? अंदर-अंदर सहते रहे, और आज दीवार पे लिखना पड़ा.”

मी त्यांना शब्दाचा मराठी अर्थ सांगितला. त्यांनी मान हलवली, सगळं समजल्यासारखी, आणि म्हणाले, “छुपाने की ज़रूरत नहीं है.” मग त्यांनी घराभोवती फिरून कष्टाची कारणं शोधली. पाण्याची टाकी चुकीच्या दिशेला, जिना चुकीच्या दिशेला, आणि मी झोपतो ते डोकंसुद्धा चुकीच्या दिशेला. दुपारी कॉलनीच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: उमाजी के परिवार पर संकट है, सब साथ दें. संध्याकाळपर्यंत चार घरांतून खिचडी आली. आमच्याकडे कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि आम्ही तिघं ओट्यासमोर उभं राहून कुणाची खिचडी आधी संपवायची ह्यावर चर्चा करतोय. एका भाभीजींनी प्रतिमाला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, “भाईसाहब पीते हैं क्या?” प्रतिमानं खरं ते सांगितलं. “हां, दिन में छह बार. चाय.” पहिला शब्द ऐकूनच त्या इतक्या हळहळल्या की पुढचं त्यांना ऐकूच गेलं नाही.

ऑफिसात माझ्याशी लोक हळू आवाजात बोलू लागले. निवृत्तीच्या आठवड्यात माणसाला जो मान मिळतो त्याच्या जागी मला सहानुभूती मिळत होती. मी ती रोज परत करत होतो, कुणी घेत नव्हतं.

बुधवारी चाकसूहून एक आजीबाई सुनेला घेऊन रिक्षातून उतरल्या. आमच्या दूधवाल्याच्या त्या कुणीतरी लागत होत्या. औषधालयात औषध मिळतं, तसं कष्टालयात कष्टांचं काहीतरी होत असणार, असा त्यांचा सरळ हिशोब होता. गुडघा सुजला होता. व्हरांड्यात बसून त्या म्हणाल्या, “बेटा, दस साल से है.”

मी म्हणालो, “अम्मा, यहां इलाज नहीं होता. ये तो मेहनत की बात है. जीवन में कष्ट करो तो सब मिलता है.”

“कष्ट ही तो करे हैं बेटा,” आजीबाई म्हणाल्या. “मिला ये घुटना.”

तेवढ्यात प्रतिमा आतून कोमट तिळाचं तेल घेऊन आली, खाली बसली आणि अर्धा तास त्यांचा गुडघा चोळला. गूळ-पाणी दिलं. आजीबाई उठल्या, चार पावलं चालल्या, आणि फाटकाबाहेर जाऊन पाटीपुढे नारळ ठेवून नमस्कार केला. तेल चोळणारी बाई दारात पदराला हात पुसत उभी होती, आणि श्रेय गेलं संगमरवराला. मला तेव्हा फक्त गंमत वाटली.

शनिवारी आजीबाई अकरा माणसं घेऊन आल्या. कुणाची पाठ, कुणाचा खांदा, कुणाच्या सुनेला मूल नाही, कुणाच्या मुलाला नोकरी नाही. मी फाटकात उभा राहून ओरडत होतो की हे घर आहे, आणि ते हात जोडत होते. पाटीला कुणी कुंकू लावलं, कुणी उदबत्ती. मुरलीधरजींनी परिस्थितीचा ताबा घेतला, वहीची पानं फाडून नंबर वाटले, आणि तिथेच न थांबता घरी जाऊन एक अर्ज लिहिला. बाहेर उन्हात बसणाऱ्या मंडळींसाठी सत्तेचाळीस नंबरसमोर पिण्याच्या पाण्याची आणि सावलीची सोय व्हावी, असा. खाली माझं नाव 'संचालक, कष्टालय' म्हणून घातलं. मला न विचारता, निव्वळ प्रेमापोटी.

मी इतकी वर्षं सरकारी कार्यालयांत अर्ज देतोय. माझ्या एकाही अर्जाला दोन महिन्यांच्या आत उत्तर आलेलं नाही. मुरलीधरजींच्या अर्जाला चौथ्या दिवशी आलं. पाणी नाही, सावली नाही. नोटीस. राहण्यासाठी दिलेल्या प्लॉटवर विनापरवाना उपचार केंद्र चालवल्याबद्दल तुमचा प्लॉट परत का घेऊ नये, ह्याचा खुलासा तीस तारखेला समक्ष येऊन करावा.

तीस तारीख. म्हणजे दुसऱ्या दिवशी स्टाफ चहाला येणार, आणि चहा कुठल्या घरात, हे आदल्या दिवशी ठरणार. दोन रात्री मला झोप आली नाही. प्रतिमा म्हणाली, “मी येते बरोबर.” मी म्हणालो, गरज नाही. ती तरी आली.

फायलींच्या खोलीत कौशिक नावाचे बाबू होते. माणूस शांत. त्यांनी माझा खुलासा ऐकला, 'कष्ट' शब्दाचा मराठी अर्थ एका चिठ्ठीवर लिहून घेतला, आणि म्हणाले, पाटी काढली असं लिहून द्या, विषय संपला. माझा जीव भांड्यात पडला. इथं मी उठलो असतो तर माझी अब्रू आज शाबूत असती. पण माणसाला समोर ऐकणारा मिळाला की राहवत नाही. मी म्हणालो, “कौशिकजी, ये प्लॉट किस्मत से नहीं मिला है. आठ बार फ़ॉर्म भरा है. आप फ़ाइल में देखिए.”

कौशिकजींनी फाईल उघडली. त्यात माझे जुने सातही अर्ज टाचून ठेवलेले होते. प्रत्येकावर लाल शाईनं काहीतरी लिहिलं होतं. मी अभिमानानं प्रतिमाकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“उमाजी,” कौशिकजी म्हणाले, “आपके सातों फ़ॉर्म तो लॉटरी में गए ही नहीं. जांच में ही निरस्त हो गए.”

“निरस्त? क्यों?”

त्यांनी पहिला अर्ज वाचला. “आवेदक का पद: सहायक प्रशासनिक अधिकारी. आवेदक की शिक्षा...” ते थांबले. चष्मा काढला. शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावलं. मग सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, “आवेदक की शिक्षा: ईश्वर की कृपा से आज तक एक भी नहीं.”

ज्यांनी आयुष्यात फक्त महाराष्ट्रात फॉर्म भरलेत त्यांनाच माझी बाजू कळेल. आमच्या नोकरीच्या प्रत्येक फॉर्मात एक रकाना असतो, आजवर काही शिक्षा झाली आहे काय? आणि स्वच्छ माणूस तिथे मोठ्या समाधानानं 'नाही' लिहितो. मी नुकताच सांगलीहून आलेलो. 'शिक्षा' दिसल्याबरोबर छाती पुढे काढून लिहिलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे पुढे वर्षभरात कळलंही, पण पहिल्या फॉर्मची नक्कल मी जपून ठेवली होती, आणि चूक होऊ नये म्हणून पुढचे सगळे फॉर्म न वाचता तिच्यावरून हुबेहूब उतरवले होते. निरक्षर अधिकाऱ्याचे सात अर्ज. दर वेळी फी परत आली की मी समजायचो, नाव निघालं नाही.

“तो आठवां?” मी कसंबसं विचारलं.

आठवा अर्ज वेगळ्या अक्षरात होता. शिक्षा: बी. कॉम. मागे शेरा: आधीचा अर्ज खिडकीवर परत, दुरुस्त करून जमा. जमा करणार: प्रतिमा, आवेदक की पत्नी. ते अक्षर मी रोज किराणाच्या यादीवर बघतो.

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. आठवा फॉर्म मी ऑफिसच्या शिपायाकडे दिला होता आणि तपासणीसाठी कोटा शहरात गेलो होतो, इथवर मला आठवत होतं. पुढचं प्रतिमानं सांगितलं.

“खिडकीवर त्या दिवशी नवा बाबू होता. नवा, म्हणून फॉर्म वाचत होता. त्यानं परत पाठवला. शिपाई घरी आणून देऊन गेला. शेवटचा दिवस होता. मी माहेरी हिंदीच्या परीक्षा दिलेल्या, मला वाचल्याबरोबर कळलं. नवा फॉर्म आणला, भरला, तुमची सही मिळणार नव्हती म्हणून जमा करणार पत्नी असं माझंच नाव घातलं, आणि दुपारी साडेतीनपर्यंत रांगेत उभी राहिले. अनुया कडेवर. तिला दात येत होते, सारखी रडत होती.”

“आणि हे तू मला सव्वीस वर्षं सांगितलं नाहीस?”

“कोट्याहून आलात तेव्हा सांगणार होते. पण तुम्ही दारातूनच म्हणालात, आठ वेळा भरला, आता बघ नाव लागतंच. आणि लागलं. मग कसं सांगणार?”

“म्हणून सगळ्यांना नशीब, नशीब सांगत सुटायचं?”

“मग काय सांगू?” ती म्हणाली. “तुमचे कष्ट म्हटलं तर खोटं. माझे म्हटलं तर तुम्ही जेवला नसता. नशिबाला काही वाटत नाही.”

मला वाईट वाटलं. रागही आला, पण तो कुणावर काढायचा हे सापडेना. अखेर मी विचारलं, “म्हणजे माझे कष्ट काहीच नाहीत?”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “असं कसं. सात वेळा उन्हात तुम्हीच उभे राहिलात. घरी यायचात तेव्हा मानेची कातडी सोललेली असायची, मीच तर दही लावायची. कष्ट तुमचेच होते हो. फक्त उपयोगाचे नव्हते.”

सव्वीस वर्षं जे वाक्य ऐकायचं होतं ते मला त्या बाकावर मिळालं. त्याला पुढे एक शेपूट होतं, पण मिळालं. मी उठून परत कौशिकजींकडे गेलो आणि विचारलं, ह्या प्लॉटवर बायकोचं नाव बरोबरीनं चढवायचं असेल तर काय करावं लागतं.

“फ़ॉर्म भरना पड़ेगा,” कौशिकजी म्हणाले, आणि तो देताना त्यांच्या मिशा हलल्या.

प्रतिमा नको नको म्हणत होती. मी खिडकीशी उभं राहून लिहायला लागलो. सह-आवेदक का नाम, लिहिलं. पति का नाम, लिहिलं. तिसऱ्या रकान्याशी पेन थांबलं. सह-आवेदक की शिक्षा.

प्रतिमानं माझ्या खांद्यावरून वाचलं. “हिंदीत बी. ए.,” ती म्हणाली. “मराठीत एकतीस वर्षं.”

मी हिंदीत लिहिलं, आणि खिडकीत देण्याआधी फॉर्म तिच्याकडे तपासायला दिला.